‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे नजरचूक नव्हे

तुम्ही क्लायंटला ‘सॉरी, आय टर्न्ड अ ब्लाइंड आय टू युअर मेल’ असं लिहिलंत, तिकडून तुटक उत्तर आलं, आणि काय बिघडलं ते तुम्हाला उमगत नाहीये. तुम्हाला म्हणायचं होतं, ‘मेल नजरेतून सुटली’. त्यांनी वाचलं, ‘मेल दिसली होती, पण मी मुद्दाम डोळेझाक केली’. त्यात सुरुवातीला ‘सॉरी’, म्हणजे कबुलीच झाली.

या वाक्प्रचाराचा सगळा जीव त्या ‘मुद्दाम’मध्ये आहे. समोर चाललंय ते दिसतंय, ते थांबवायला हवं हेही कळतंय, तरी माणूस बघून न बघितल्यासारखं करतो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : काणाडोळा. काणा म्हणजे एका डोळ्याने आंधळा. पुष्कळजण ‘कानाडोळा’ लिहितात, त्यामुळे ही गंमत हातची जाते.

इंग्रजीतही गोष्ट एका डोळ्याचीच सांगतात. ब्रिटिश नौदलातल्या नेल्सनची उजव्या डोळ्याची दृष्टी 1794 साली कॉर्सिका बेटावरच्या लढाईत गेली होती. 2 एप्रिल 1801 रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ अधिकारी हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याची निशाणं चढवली. नेल्सनने म्हणे दुर्बीण त्या अधू डोळ्याला लावली आणि ‘मला खरंच इशारा दिसत नाही’ म्हणत तोफा चालूच ठेवल्या. वाक्प्रचार इथूनच निघाला असं सर्रास सांगतात, ते मात्र बरोबर नाही. तो त्याआधी शंभरेक वर्षांच्या इंग्रजी लिखाणातही सापडतो. पण अर्थ लक्षात ठेवायला याहून चांगली गोष्ट नाही.

वापरताना पुढे ‘टू’ घ्या, ‘ऑन’ नको. ‘द वॉचमन टर्न्स अ ब्लाइंड आय टू द बॉइज प्लेइंग क्रिकेट इन द पार्किंग.’ पोरांना हाकलणं त्याचं काम आहे, चेंडू गाड्यांवर आपटतोय हे त्याला ऐकू येतंय, पण तो पेपरातून मान वर काढत नाही. बहुतेकदा असा रोखण्याचा अधिकार असलेल्या माणसाबद्दलच हे म्हटलं जातं. ‘ब्लाइंड टू’ वेगळं. आईला लेकाचे दोष खरोखरच दिसत नाहीत, तिथे ते.

नुसती चुकून राहून गेलेली गोष्ट असेल तर ‘ओव्हरलुक’ किंवा सरळ ‘मिस’. क्लायंटला आजच दोन ओळी पाठवा : ‘आय यूज्ड द राँग फ्रेज. आय सिम्पली मिस्ड युअर मेल, अँड आय अॅम सॉरी.’