डावीकडच्या सीटवरचे वडील

मी लातुरात समुपदेशनाचे काम करते. माझ्यासमोर येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांची मुले ‘नीट’च्या तयारीसाठी इथल्या वसतिगृहांत राहत असतात आणि बहुतेक वडील खुर्चीत टेकता टेकता एकच तक्रार मांडतात, ‘मॅडम, मागेल ते देतो, पण पोरगं आमच्याशी बोलंना झालंय.’ गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडले की, त्याचे उत्तर एका अनुभवाच्या आधारे एकदाच लिहून टाकावे असे वाटले. संबंधित बापलेकांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ अंबाजोगाईचे, तिथे त्यांचे चारचाकीचे गॅरेज आहे. तरुणपणी दोन हंगाम ते हौशी मोटार-रॅलीत को-ड्रायव्हर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसून पुढचा रस्ता सांगणारा साथीदार म्हणून, बसले होते. पहिल्या भेटीत त्यांनी मला लुईस हॅमिल्टनच्या वडिलांचे उदाहरण दिले. मुलाच्या कार्टिंगचा, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतींचा खर्च भागवण्यासाठी त्या माणसाने एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या आणि 2008 मध्ये मुलगा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. ‘मी तरी दुसरं काय करायलोय?’ असे त्यांचे म्हणणे होते. मला या खेळातले काही कळत नसल्याने त्या रात्री मी थोडे वाचन केले आणि पुढच्या भेटीत त्यांना आठवण करून दिली की, याच बापलेकांनी 2010 मध्ये व्यवस्थापक आणि खेळाडू हे नाते थांबवले होते. ते हसले, पण विषय बदलला. आपला मुद्दा बरोबर असला, तरी वेळ चुकली की तो वाया जातो, हे मी इतरांना सांगत असते. त्या दिवशी मीच विसरले.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना रॅलीविषयीच बोलू दिले. त्यांनी माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि एक रस्ता काढून दाखवला. वळणांना एक ते सहा असे आकडे असतात. त्यांच्या पद्धतीत एक म्हणजे सर्वांत अवघड वळण आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता. शर्यतीआधी तोच रस्ता सावकाश दोनदा पाहायचा असतो, त्याला ‘रेकी’ म्हणतात. पहिल्या फेरीत नोट्स घ्यायच्या, दुसरीत त्या तपासायच्या. शर्यतीच्या दिवशी डावीकडच्या सीटवरून त्या वाचायच्या, ‘साठ मीटर, उजवीकडे तीन, पुढे आवळत जाणारं.’

मी विचारले, ‘या नोट्स ठरवतं कोण?’

‘ड्रायव्हर बोलतो. आम्ही लिहून घेतो.’

‘पण रस्ता तर तुम्हालाही दिसतो.’

‘दिसतो की. पण वळण त्याला घ्यायचं असतंय ना, मॅडम. मला जे तीन वाटतं ते त्याला चार वाटू शकतं. माझ्या अंदाजानं लिहिलं तर गाडी सरळ...’

वाक्य अर्ध्यावर थांबले. पेनाचे टोक त्या आवळत जाणाऱ्या वळणावरच टेकलेले होते आणि तिथे शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. अशा वेळी समुपदेशकाच्या जिभेवर वाक्य तयार असते. मी ते गिळले. पंधरा वर्षांच्या कामात मला जे थोडेफार साधले आहे, त्यात हे गप्प बसणे मी वरच्या क्रमांकावर ठेवते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘त्याच्या रस्त्याच्या नोट्स मीच लिहून बसलोय. त्याला कधी विचारलंच नाही.’

माझी धारणा अशी आहे की, बोलणे बंद होते तेव्हा दोष बापात किंवा लेकरात शोधून हाती फारसे काही लागत नाही. त्या दोघांमध्ये रोज नेमके काय घडते, ते तपासावे लागते. म्हणून पुढच्या भेटीला मुलालाही बोलावले. वडिलांना अट एकच होती. वही घेऊन बसायचे आणि मुलगा ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत लिहायचे. दुरुस्ती करायची नाही. त्यांचा अंदाज होता की, मुलाचे अवघड वळण म्हणजे फिजिक्स. मुलाने फिजिक्सला चार दिले. मग खाली मान घालून तो म्हणाला, ‘रविवारी सात वाजता पप्पांचा फोन येतो. ते एक.’ रविवारी सराव परीक्षा असते, संध्याकाळी गुणांची यादी लागते, मेसमध्ये ताट घेऊन बसले की जो तो 720 पैकी किती, एवढेच विचारतो आणि नेमक्या त्याच वेळी फोन वाजतो, ‘किती पडले?’ वडिलांनी ‘सात वाजता’ हे शब्द लिहिले आणि त्याखाली रेघ मारली.

हा फोन त्यांनी सोमवारी रात्रीवर नेला. बदल एवढाच. मात्र वडिलांच्या अशा लहान बदलावर माझा जितका विश्वास आहे, तितका मुलाला दिलेल्या तासाभराच्या प्रेरणादायी व्याख्यानावर नाही. ज्या वडिलांना माझा सल्ला हवा असतो, त्यांना मी हेच सुचवते की, मुलाला कोणती गोष्ट जड जाते याची यादी आपल्या मनाने करू नका, त्याच्याकडून वदवून घ्या, आणि परीक्षेची किंवा निकालाची वेळ टाळून महिन्याने ती पुन्हा तपासा, कारण पाऊस पडला की रस्ता बदलतो. को-ड्रायव्हर वाचता वाचता नोट्समधली ओळ चुकला, तर अंदाजाने पुढचे वळण सांगत नाही, तर ताबडतोब ‘चुकलो’ म्हणतो. हा शब्द मुलासमोर उच्चारणे आपल्याकडच्या वडिलांना फार जड जाते, असा माझा अनुभव आहे. आणखी एक सल इथे दडलेला असतो. रॅली-ड्रायव्हर गौरव गिल यांना 2019 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच. ‘पण शेजारी कोण बसला होता, हे कोण विचारतंय?’ असे हे गृहस्थ एकदा बोलून गेले. ते रॅलीविषयी बोलत होते, असे मी धरून चालले नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी स्वतःहून एक जुने रोडबुक, म्हणजे रॅलीच्या मार्गाची पुस्तिका, आणले. त्यात एक मोठा कागद असतो, एका बाजूला लाल ‘एसओएस’ आणि दुसऱ्या बाजूला हिरवे ‘ओके’. गाडी रस्त्याबाहेर गेली आणि आतले दोघे धड असले, तर ‘ओके’ दाखवायचे, म्हणजे मागचे स्पर्धक न थांबता पुढे जातात. लाल बाजू दिसली तर मात्र थांबायचेच, मग स्वतःची शर्यत गेली तरी बेहत्तर. तो कागद त्यांनी मुलाला देऊन टाकला. मी फक्त एवढे जोडले की, ‘ओके’ दिसल्यावर ‘खरंच ठीक आहे ना?’ असे पुन्हा विचारायचे नाही. नाही तर हिरव्या बाजूला काही किंमत उरणार नाही.

सात-आठ आठवडे मोबाईलवर हिरव्या बाजूचे फोटो जात राहिले. मग एका बुधवारी रात्री अकराच्या सुमारास लाल बाजू आली. वडिलांनी गाडीची किल्ली हातात घेतली, दारापर्यंत गेले, तिथे थांबले आणि आधी फोन लावला.

‘येऊ, का नुसतं ऐकू?’

‘नुसतं ऐका, पप्पा.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हे सांगितले, तेव्हा मुलगा पन्नास मिनिटे काय बोलला हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.