नोट्समधलं अंतर कसं कमी करायचं?

प्रश्न: म्यूझस्कोरमध्ये (संगीताची स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर) गाण्याचे शब्द टाकले की काही मेजर (दोन उभ्या रेघांमधले तालाचे भाग) एकदम रुंद होतात, नोट्स लांब लांब जातात, काय करू?

उत्तर: आधी एक सांगते, नोट्स एकेक करून माउसने ओढू नका प्लीज, पुढे पार्ट (प्रत्येक वाद्याची वेगळी पानं) काढताना सगळं विस्कटतं. शब्द लांब असला की सॉफ्टवेअर त्याच्यासाठी जागा करतं म्हणून असं होतं, तर पहिले शब्दांचा फॉन्ट जरा लहान करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाहीच झालं तर ते मेजर सिलेक्ट करून फॉरमॅट मेनूतल्या स्ट्रेचमधून ताण कमी करा. फार दाबू नका हं, अर्ध्या नोटेला तिच्या निम्म्या वेळाच्या पाव नोटेपेक्षा जास्त जागा दिसलीच पाहिजे, वाजवणारा लय त्यावरूनही पटकन ओळखतो.