डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ) पहिलंच कॅरेक्टर बनवतोय. स्मृती गेलेला दाखवला तर डीएम (खेळ चालवणारा) वैतागेल का?

वैतागणार नाही, उलट खूश होईल. आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

"आळशी बॅकस्टोरी" (बॅकस्टोरी म्हणजे कॅरेक्टरचा भूतकाळ) म्हणून नाकं मुरडणारे भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नका. ढीगभर पानं लिहून आणणारे प्लेअर पण बघितलेत मी, लेव्हल एकचा, म्हणजे अगदी नवखा पोरगा आणि बॅकस्टोरीत दोन ड्रॅगन मारून बसलाय. त्यापेक्षा कोरी पाटी परवडली. फक्त पाटी डीएमच्या हातात दिली की तो त्यावर लिहिणार, एवढं पचणार असेल तरच द्या.

माझ्या कॅम्पेनमध्ये (बरेच सेशन चालणारी एकच गोष्ट) एका मित्राने रेंजर, म्हणजे रानावनातला लढवय्या, आणला होता. बॅकस्टोरी एक ओळ: जंगलात जाग आली, आधीचं काही आठवत नाही. मी विचारलं काय काय चालेल, तर म्हणाला तू ठरव, मला सरप्राइज पाहिजे. हे शब्द त्याचे बरं का, टेबलावर सगळ्यांसमोर. पहिल्याच सेशनला त्याने उगाच, काही कारण नसताना सांगून टाकलं की माझा रेंजर डावखुरा आहे. मी ते टिपून ठेवलं. पुढे पार्टीला (सगळ्या कॅरेक्टर्सच्या गटाला) दरोडेखोरांच्या अड्ड्यावर हिशोबाची वही सापडते, त्यात व्यापाऱ्यांचे तांडे कुठल्या वाटेने नेऊन अडकवायचे आणि वाटाड्याला त्याचे किती द्यायचे ते लिहिलेलं. ती वही मी खरंच बनवली, शाईच्या पेनाने, आणि प्रत्येक ओळ लिहून झाली की ओली असतानाच हाताच्या कडेने थोडी फरफटवली, कारण डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात लिहिलेल्यावरूनच पुढे सरकतो. त्याने पानं उलटली, काही कळलं नाही. शेजारी बसलेल्या क्लेरिकवालीने (क्लेरिक म्हणजे देवाच्या कृपेने जादू करणारं कॅरेक्टर) बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा तू आहेस."

माझ्या डीएमगिरीतला तो सगळ्यात भारी क्षण होता, आणि पुढच्या मिनिटाला हा म्हणतो, "नाही, माझा रेंजर असं करणारच नाही, बदल ते." आता ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही तो काय करणार नाही हे तुला कुठून माहीत? मग म्हणे इतिहासाचा रोल मारतो, वीस पडले तर आठवेल की मी निर्दोष होतो! स्वतःचा भूतकाळ फाशावर ठरवायचा नसतो. त्यात क्लेरिकने नुकतीच पाचवी लेव्हल गाठलेली, तिथे मिळणारा रिमूव्ह कर्स (शाप उतरवायचा मंत्र) तिने टाकला. स्मृती शापाने गेली हे मी आधीच ठरवलेलं, त्यामुळे खरं बाहेर आलंच. हा रुसला, कॅम्पेन सोडली, आणि अजून कुठे भेटला की "तू माझं कॅरेक्टर हायजॅक केलंस" हेच सुरू. हायजॅक करायला आधी कॅरेक्टर असावं लागतं बाबा, तू एक ओळ दिली होतीस.

असो. तुमच्या कामाचं सांगतो. स्मृती का गेली ते डीएमशी बोलून पक्कं करा, कारण "जादूने गेली" म्हणालात तर नियम आडवे येतात. मॉडिफाय मेमरी हा आठवणी बदलायचा मंत्र एका वेळी फार तर १० मिनिटांचा प्रसंग बदलतो, आख्खं आयुष्य पुसत नाही, आणि त्याने बदललेलं रिमूव्ह कर्स किंवा ग्रेटर रिस्टोरेशन या मंत्रांनी परत येतं. म्हणजे पार्टीत क्लेरिक असेल तर तुमचं रहस्य लेव्हल पाचपर्यंतच टिकणार.

आणि "काही आठवत नाही तर तलवार कशी चालवतो" असं कोणी छेडलंच तर हेन्री मोलेसनची केस सांगा. १९५३ मध्ये फिट्स थांबवायला त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा काही भाग काढला आणि नवीन आठवणी बनणंच बंद झालं. तरी आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायचा सराव दिला तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि त्याला मात्र दर वेळी वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय. हाताचं शिकणं आणि प्रसंग आठवणं वेगळं असतं. त्यामुळे कॅरेक्टरच्या शीटवरच्या प्रोफिशियन्सी (त्याला येत असलेली कौशल्यं) अजिबात कमी करू नका, तेच तर पुरावे आहेत. इन्फर्नल, म्हणजे सैतानांची भाषा येते? कोणी शिकवली? कुलपं उघडता येतात? कोणाची उघडत होतात? एवढ्यावर चांगल्या डीएमचं वर्षभर निघतं.

क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) विचाराल तर वॉरलॉक, कोणा शक्तीशी करार करून जादू मिळवणारा. करार केलाय पण कोणाशी आणि कशाच्या बदल्यात ते आठवत नाही, याहून चांगली सुरुवात नाही. २०१४ च्या नियमांत पॅट्रन (ज्याच्याशी करार केला तो) पहिल्याच लेव्हलला निवडावा लागतो, २०२४ च्या नियमांत सबक्लास (म्हणजे पॅट्रनची ती निवड) तिसऱ्या लेव्हलला येतो, म्हणजे तोवर तुम्हालाही माहीत नसलं तरी चालतं.

हां, एक राहिलंच. डीएम छापील अ‍ॅडव्हेंचर जसंच्या तसं चालवणारा असेल तर हे सोडूनच द्या, तुमच्या भूतकाळाला तिथे जागा नसते. आणि टेबलावर कोणाच्या घरात विसरण्याचा आजार असेल तर सेशन झिरोलाच (खेळ सुरू होण्याआधीच्या बोलण्यात) विचारून घ्या, विनोद म्हणून तर मुळीच खेळू नका.

बाकी जे अजिबात चालणार नाही ते पहिल्याच दिवशी लिहून द्या: खुनी नको, गद्दार नको, काय असेल ते. माझ्या त्या मित्राने एवढं केलं असतं तर मी त्याला वाटाड्याऐवजी लुटलेला व्यापारी केला असता, मला काय, वही तशीही लिहायचीच होती.