सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी खाली आग होते. डॉक्टर ऑनलाइन थेरपी घ्या म्हणतात. दुखणं शरीराचं असताना तिचा उपयोग होतो का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझी जुनी फाईल आठवली. तुम्ही लिहिलंय, दीड वर्षापासून योनीमुखाशी जळजळ, जीन्स घालवत नाही, नवऱ्याजवळ जायची धास्ती, स्वॅब-सोनोग्राफीत काही नाही, आणि आता गायनॅक म्हणतात मानसोपचार घ्या, तोही व्हिडिओवर. शेवटी तुम्ही विचारलंय, "म्हणजे मी नाटक करतेय असं त्यांना वाटतं का? आणि घेतलाच, तर पहिल्यांदा बोलायचं तरी काय?"

नाटकाचं आधी सांगते, कारण मीही हेच समजून नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यातून रडत बाहेर पडले होते. तोवर दोन वर्षं बुरशीचं इन्फेक्शन समजून गोळ्या आणि क्रीमं झाली होती. एका डॉक्टरांनी तर तपासायच्या आधीच सांगून टाकलं, "एक मूल होऊ द्या, सगळं मोकळं होईल." माझं घर मनीषनगरला, ऑफिस सदरला. अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर वीस मिनिटं बसणं म्हणजे शिक्षा वाटायची, म्हणून गाडी सोडून मेट्रोने जायला लागले, आणि सीट रिकामी असली तरी कस्तुरचंद पार्कपर्यंत उभीच राहायचे. घरी कोणाला पत्ता नाही.

ज्यांनी मला थेरपी सुचवली त्या डॉक्टरबाईंनी आधी नीट तपासलं होतं, हे मात्र मला घरी आल्यावर डोकं शांत झाल्यावर कळलं. ओली कापसाची काडी घेऊन त्या योनीमुखाच्या कडेने घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे हलकेच टेकवत गेल्या. बाराला काही नाही, तीनला थोडं. पाचला आणि सातला मी टेबलावरून उडालेच. मग त्यांनी नाव सांगितलं, व्हल्व्होडायनिया. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं आणि ठळक कारण न सापडणारं योनीमुखाचं दुखणं. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या दुखण्याला नाव दिलं होतं. तुमची अशी तपासणी झाली नसेल, तर थेरपीच्या आधी ती करून घ्या. आणि तिथे पांढरे चट्टे, रात्री झोपू न देणारी खाज, फोड, चिरा किंवा रक्त असलं काही दिसत असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कातडीचे काही आजार मलमाने आटोक्यात येतात आणि ते अंगावर काढायचे नसतात.

आता मनाचा संबंध. माझ्या थेरपिस्टने तो एका म्हणीत सांगितला होता, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सुरुवात कशानेही होते, वारंवारचं इन्फेक्शन, एखादं क्रीम न मानवणं, कधी काहीच सापडत नाही. पण तिथल्या नसा एकदा पोळल्या की साध्या स्पर्शालाही धोका समजायला लागतात. धोका वाटला की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळतात. आवळलेल्या स्नायूंवर दाब आला की जास्त दुखतं, आणि जास्त दुखलं की पुढच्या वेळेची भीती आणखी वाढते. दुखणं शंभर टक्के खरंच असतं. फक्त धोक्याची घंटा गरजेपेक्षा फार लवकर वाजायला लागलेली असते, आणि ती घंटा जिथून वाजते तो मेंदू आपलाच असल्यामुळे त्याला काही गोष्टी परत शिकवता येतात.

माझी थेरपिस्ट पुण्याची, मी नागपूरची. आठवड्याला पन्नास मिनिटं, एकूण दहा वेळा, एका वेळचे बाराशे रुपये. पहिल्या वेळी तिने विचारलं, "त्या जागेला तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "तिथे." ती हसली नाही. म्हणाली, लहानपणी घरात काय म्हणायचे? शूची जागा. आणि मोठेपणी? मोठेपणी काहीच नाही! बत्तीस वर्षांच्या बाईकडे स्वतःच्या अवयवाला शब्द नव्हता. मग डॉक्टरांना मी काय सांगितलं असणार, तर "खाली त्रास होतो," आणि त्यांनी मला इन्फेक्शनची गोळी दिली. पूर्ण दोष त्यांचाही नाही म्हणा.

ऑनलाइनचा मला सगळ्यात मोठा फायदा इथे झाला. रामदासपेठेत कुठल्याही वेटिंग रूममध्ये बसा, नणंदेची मैत्रीण नाहीतर शेजारच्या काकू भेटणारच. पडद्यासमोर मी मोकळी बोलले. अडचण होती ती घरात. बंद दाराबाहेरून सासूबाई विचारायच्या, "दार लावून कोणाशी बोलून राहिली इतका वेळ?" उन्हाळ्यात कूलर कामी आला. आपल्याकडच्या कूलरच्या आवाजात शेजारी बसलेल्याला ऐकू जात नाही, तर दाराबाहेर काय जाणार. हेडफोन लावायचे आणि कूलर फुल्ल. पावसाळ्यात कूलर बंद झाला, तेव्हा दोन सेशन मी फुटाळा तलावाजवळ कार लावून कारमध्येच केले.

काम काय करायचं, तर पहिले दोन आठवडे फक्त वही. कधी दुखलं, शून्य ते दहात किती, आणि त्या क्षणी मनात काय आलं. मला वाटत होतं माझं दिवसभर दुखतं. वहीत दिसलं की दुपारी दोन-तीन तास मला आठवणही नसते, आणि शनिवारी संध्याकाळपासून आकडा चढतो. शनिवारी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मग पोटाने श्वास घेणं आणि श्वास सोडताना खालचे स्नायू सैल सोडणं. पुढे आरशात बघणं (हे मी तीन आठवडे टाळलं), स्वतःचं बोट नुसतं टेकवणं, आणि दुखेल अशा भीतीने सोडून दिलेल्या गोष्टी एकेक करून परत सुरू करणं. पहिली मी सिनेमा निवडली. अडीच तास बसले. दुखलं, पण पिक्चर पूर्ण पाहिला.

एका सेशनला नवराही बसला. थेरपिस्टने सांगितलं, ठरावीक काळ संबंध ठेवायचेच नाहीत, दोघांनी मिळून तसं ठरवायचं. मला वाटलं हा चिडेल. तो म्हणाला, "बरं झालं, मलाच भीती वाटून राहिली होती तुला दुखवायची." तीन वर्षांच्या संसारात आम्ही हे बोललोच नव्हतो. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून टीव्ही बघितला, कारण आता त्याच्या पुढे काय होणार याची धास्ती नव्हती.

थेरपीने दुखणं गेलं का? नाही गेलं. सातवरून दोन-तीनवर आलं, आणि पाळीच्या आधी अजूनही डोकं वर काढतं. एकट्या थेरपीचं श्रेयही नाही ते. सोबत ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी चालू होती, ती प्रत्यक्षच जाऊन केली. साबण आणि ते सुगंधी इंटिमेट वॉश बंद केलं, सुती कपडे वापरले. डॉक्टरांनी काही महिने रात्रीची एक गोळीही दिली होती, जास्त डोसमध्ये डिप्रेशनला देतात ती, नसांचं दुखणं कमी करण्यासाठी. इंटरनेटवर तिचं नाव टाकून घाबरू नका, आणि आपल्या मनाने सुरू-बंदही करू नका.

थेरपिस्टने मला दोन अभ्यास वाचायला दिले होते. कॅनडात 2001 साली 78 बायकांवर झालेल्या अभ्यासात ऑपरेशन, गटातली मानसोपचार थेरपी आणि स्नायूंचं बायोफीडबॅक (स्नायू किती आवळलेत ते यंत्रावर बघत सैल सोडायला शिकणं) यांची तुलना केली होती. तिन्ही गटांत फरक पडला, सुरुवातीला ऑपरेशनवाल्यांना जास्त. पण अडीच वर्षांनी विचारलं तेव्हा संबंधाच्या वेळचं दुखणं थेरपीवाल्यांचंही ऑपरेशनवाल्यांइतकंच कमी झालेलं होतं. दुसरा स्वीडनचा, सहा आठवड्यांच्या इंटरनेटवरच्या उपचाराचा. त्यातही संबंधाच्या वेळचं दुखणं कमी झालं आणि दुखण्याशी सततची झटापटही कमी झाली. तिथेही तो दवाखान्यातल्या उपचाराच्या आधीचा टप्पा होता, त्याऐवजी नव्हता. मला विचाराल तर हेच बरोबर आहे. फक्त व्हिडिओवर बोलून बरं करतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

माणूस निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागा. मागायला लाजू नका. जुनाट दुखणं किंवा लैंगिक वेदना यांवर काम केलंय का, हेही विचारा. दोन सेशनमध्ये जमत नाही असं वाटलं तर बदला, मी एक बदलली होती. ती सारखी माझ्या बालपणातच शिरायची. पैशाची सोय होईपर्यंत रात्री-बेरात्री फारच कोसळल्यासारखं झालं तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आणि मराठीतही. तिथे या दुखण्याची थेरपी मिळणार नाही, पण ऐकून घेणारं माणूस मिळेल.

राहिलं पहिल्यांदा काय बोलायचं ते. मी कागदावर लिहून वाचून दाखवलं होतं, तुम्हीही तसंच करा, हवं तर हेच उतरवून घ्या: "माझ्या योनीमुखाशी दीड वर्षापासून जळजळ होते, स्पर्श झाला की वाढते, तपासण्यांत काही सापडलं नाही, आणि हे मी अजून घरी कोणाला सांगितलेलं नाही."