चलान मालकाच्या नावे, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती

मे महिना सरला, चाकरमानी परतले, आणि इथे गावात राहिलेल्या गाडीमालकांच्या फोनवर ई-चलानचे मेसेज यायला लागले. या खेपेला दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी जवळजवळ हाच एक विषय लावून धरलाय. म्हणून जमीन-वाटपाचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. चिपळूणच्या कोर्टात वाहनांची प्रकरणं माझ्या रोजच्या कामातली आहेत, तेव्हा जमेल तितकं सविस्तर लिहिते.

प्रश्न : वकीलताई, वॅगनआर माझ्या नावावर आहे. पुतण्या ठाण्याला नोकरीला असतो. शिमग्याला आला तेव्हा गाडी घेऊन गेला, ती मे अखेरीस परत आणून लावली. आता ठाण्यात सिग्नल तोडल्याचं चलान मला आलंय. मी तर त्या काळात देवरुख सोडलं नाही. पुतण्याचं नाव पुढे केलं तर भाऊ-वहिनी दुखावतील. दंड भरून गप्प बसू का?
*— एक वाचक, देवरुख*

उत्तर : गप्प बसू नका, काका. कॅमेऱ्याला दिसते ती नंबर प्लेट. त्या नंबरावरून परिवहन खात्याच्या नोंदीत तुमचं नाव आणि मोबाइल सापडतो, म्हणून मेसेज तुम्हाला आला. तुम्ही सिग्नल तोडलात असं त्याने सिद्ध होत नाही. सिग्नल तोडण्याचा गुन्हा स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक रीतीने गाडी चालवण्यात मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, असं कायदा सांगतो. लायसन्सवर बालंट येऊ शकेल असा हा गुन्हा आहे. तो न केलेल्या माणसाने अंगावर का घ्यावा?

मालकाची जबाबदारी सुरू होते ती कलम १३३ पासून. अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारलं की गाडी कोण चालवत होतं, त्याचा पत्ता आणि लायसन्सची माहिती मालकाने द्यायची. ठाऊक असेल ती द्यायचीच, आणि वाजवी खटपट करून जी कळू शकते तीही द्यायची. ‘मला काय माहीत, घरात चावी खुंटीला असते, कोणीही नेतं’ हे उत्तर चालत नाही. माहिती दडवली तर कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो मात्र खुद्द तुमचा.

आता घरातलं. चलानाचा फोटो आधी पुतण्याला पाठवा, तारीख-वेळ दाखवा आणि भरायला सांगा. ऑनलाइन रक्कम कोणीही भरू शकतो. तो तयार झाला तर विषय तिथेच मिटला. त्याने कानावर हात ठेवले तर भावाला सरळ सांगा की पोलिसांनी विचारल्यावर मी खोटं बोलणार नाही. यात वहिनींचा अपमान कसला? काकाच्या खिशातून दंड गेला तर ज्याने दिवा तोडला त्याला त्याची झळही लागत नाही, आणि पुढच्या लाल दिव्याशी तो तसाच वागतो. त्या चौकात झेब्रा क्रॉसिंगवर कोणाची तरी आई रस्ता ओलांडत असते. मला खरी काळजी तिची आहे.

प्रश्न : तारकर्लीत पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. पर्यटक घरी जातात, चलान मागाहून माझ्या नावावर येतं.
*— एक वाचक, मालवण*

उत्तर : वर लिहिलं तेच कलम १३३ तुम्हालाही लागू. तुमच्यापुढे नाव सांगण्याचा संकोच नाही, फक्त नाव हाताशी हवं. लायसन्सचा फोटो, स्कूटर दिल्याची आणि परत घेतल्याची वेळ, त्यावर गिऱ्हाइकाची सही, इतकं दर वेळी वहीत ठेवा. ‘मालवणात कोण विचारतो’ म्हणून लायसन्स न बघता चावी देऊ नका. बिनलायसन्स माणसाला गाडी चालवू देणं हा कलम १८० खाली मालकाचा स्वतंत्र गुन्हा आहे, दंड ५,००० रुपये.

प्रश्न : माझी जुनी स्कूटर खेडमधल्याच एकाला विकली. पैसे रोख मिळाले, आरसी बुक दिलं, फॉर्मवर सह्या करून दिल्या. त्याने नावावर केलीच नाही. आता हेल्मेटची, सिग्नलची सगळी चलानं मला.
*— एक वाचक, खेड*

उत्तर : आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. सही केलेले फॉर्म हातात ठेवले म्हणजे गाडी विकली गेली, असा समज आहे. कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याच्या नावे गाडीची नोंदणी आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तिथे गाडी एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात विकली गेली होती, पुढे अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव राहिलं होतं त्याच्यावर आली. तुमच्यावर आज चलानं येत आहेत. उद्या त्या स्कूटरने कोणाला उडवलं तर काय, याचा विचार करा आणि हे काम लांबणीवर टाकू नका.

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, त्यासाठी फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, तो फॉर्म ३०. घेणारा करील तेव्हा करील, तुमचं कळवणं त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. मुदत गेली असली तरी आता लेखी कळवा. विक्रीची पावती, पैसे घेतल्याचा कागद, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. त्याच कागदांची प्रत वाहतूक पोलिसांकडे चलानावरच्या तक्रारीसोबत द्या. विक्रीनंतरच्या तारखांची चलानं कोणाची, हे दाखवायला तुमच्याकडे तेवढाच आधार आहे.

प्रश्न : माझी मोटारसायकल एमएच ०७ ची, वेंगुर्ल्याबाहेर गेलेलीच नाही. चलान पनवेलचं आलंय!
*— एक वाचक, वेंगुर्ले*

उत्तर : तुम्ही चलानासोबतचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो मोठा करून पाहिला. फोटोतल्या गाडीच्या प्लेटवर तिसऱ्या आकड्यात एक स्क्रू आलाय, त्यामुळे ३ चा ८ वाचला गेलाय. शिवाय ती स्कूटर आहे, पायाशी दुधाचा कॅन आहे. तुमच्या आरसीवर मोटारसायकल आहे. यापेक्षा वेगळा पुरावा शोधायला नको.

सगळ्याच वाचकांना सांगते, मेसेज आला की रक्कम बघून घाबरण्याआधी फोटो बघा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाकले की फोटो उघडतो. सिग्नलचं चलान असेल तर दिवा लाल दिसतोय का, पुढचं चाक स्टॉप लाइनच्या अलीकडे की पलीकडे, हे पाहा. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, जागा, तारीख, वेळ आणि कुठलं कलम मोडलं ते असलं पाहिजे, असं त्यात आहे. यंत्राचं मंजुरी प्रमाणपत्रही दर वर्षी नवं करून घ्यावं लागतं. नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांच्या आत पाठवली गेली पाहिजे, हेही त्याच नियमात. हे तुमचे हक्क आहेत, वापरा.

तुम्ही महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवा, आरसी आणि गाडीचे चारी बाजूंचे फोटो जोडा. तक्रार चालू असताना ‘कटकट नको’ म्हणून रक्कम भरून टाकू नका, भरलीत की तक्रारीत दम उरत नाही. आणि समजा आकडा चुकीचा वाचलेला नसून खरोखर तुमचाच नंबर दुसऱ्या गाडीवर लावलेला निघाला, तर नुसती अॅपवरची तक्रार पुरणार नाही, पोलीस ठाण्यात लेखी द्या. त्या गाडीतून आणखी काय केलं जाईल सांगता येत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायला सांगितलीय, त्यात असे बनावट नंबर रोखणं हाही एक हेतू आहे.

प्रश्न : मी ड्रायव्हर आहे. सीझनला पावसहून आंब्याचा टेम्पो वाशी मार्केटला नेतो. पेट्या भरून रात्री नऊला सुटतो, मालक म्हणतो पहाटे तीनला गाडी लागलीच पाहिजे, उशीर झाला की भाव पडतो. वेगाची चलानं येतात ती मालक माझ्या पगारातून कापतो. तो म्हणतो, गाडी तू चालवत होतास.
*— एक वाचक, पावस*

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पावस ते वाशी तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. सहा तासांत पोचायचं तर वाटेत चहालाही न थांबता ताशी पन्नासच्या वरची सरासरी ठेवावी लागते. तीही भरल्या टेम्पोने, रात्री, परशुराम घाट उतरून-चढून. डायव्हर्जनला किंवा टोलला गेलेला वेळ कुठेतरी भरून काढावा लागतो, आणि तो जिथे भरून काढता तिथेच कॅमेरा असतो.

तुमच्या मालकांनी कलम १८३ वाचलेलं नाही. वेगमर्यादा ओलांडणाऱ्याला जसा दंड आहे, तसाच तो आपल्या नोकराला मर्यादा ओलांडायला लावणाऱ्यालाही आहे. त्याच कलमात पुढे आहे की अमुक वेळेत पोचलंच पाहिजे असा हुकूम दिला, आणि मर्यादा पाळून त्या वेळेत पोचणं शक्य नव्हतं असं न्यायालयाला वाटलं, तर तो हुकूम हाच मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा. इतकं स्वच्छ लिहिलेलं कलम असूनही त्याचा आधार घेणारा ड्रायव्हर माझ्याकडे अजून आलेला नाही. कारण उघड आहे, पुढच्या सीझनला काम कोण देणार?

तरी दोन गोष्टी करा. ‘तीनला पोच’ असे मेसेज मोबाइलवर येत असतील तर ते डिलीट करू नका. आणि पगारातल्या कपातीचं म्हणाल, तर ती मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. कपातीची कारणं वेतन कायद्याने ठरवून दिली आहेत, नुकसानीपोटी कापायचं तरी कामगाराला आधी त्याची बाजू मांडू द्यावी लागते. कापलेल्या रकमा तारखेसह लिहून ठेवा आणि रत्नागिरीत कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन भेटा. एक मात्र तुम्हालाही सांगते. रिकामा टेम्पो परत आणताना, कुणाचा हुकूम नसताना वेग वाढवला असेल, तर ते चलान तुमचं. ते निमूट भरा.

आंबा-बागायतदार वाचकांनो, हे पत्र तुमच्यापैकीच एकाच्या टेम्पोवरचं आहे. पेट्या दोन तास आधी भरून होतील असं बघा.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा. बारावीच्या क्लासला लांज्याहून रत्नागिरीला स्कूटर घेऊन जातो, बस वेळेवर नसते. सिग्नल तोडल्याचं चलान आलंय. विचारलं तर मीच चालवत होते असं सांगावं का?
*— एक आई, लांजा*

उत्तर : नाही. कोणी विचारलं तर खोटं सांगू नका, आणि स्कूटरची चावी आजच काढून घ्या. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९-अ पालकाला आणि मालकाला दोषी धरतं. गाडी तुमच्या संमतीनेच नेली असं गृहीत धरलं जातं, ते खोटं ठरवणं तुमच्या माथी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. बस वेळेवर नसते हे मला ठाऊक आहे, मुलांचे हाल होतात हेही. त्यासाठी डेपोत सगळ्या पालकांनी मिळून अर्ज द्या, मी लिहून देते.

प्रश्न : मुलगी न्यू यॉर्कला असते. मैत्रिणीने तिची गाडी नेली, सिग्नल तोडला, आणि ५० डॉलरचं तिकीट मुलीला. तिथेही असंच?
*— एक वाचक, गुहागर*

उत्तर : तिथे थोडं निराळं आहे. न्यू यॉर्कमध्ये सिग्नलच्या कॅमेऱ्याचं तिकीट मुळातच मालकाच्या नावे असतं, कोण चालवत होतं याने सहसा फरक पडत नाही. त्याच्या बदल्यात ते चालकाच्या लायसन्सवर गुन्हा म्हणून चढत नाही, पॉइंट लागत नाहीत. मुलीने भरावं आणि मैत्रिणीकडून ५० डॉलर मागून घ्यावेत.

प्रश्न : वडील दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर, आम्ही भाऊ आळीपाळीने चालवतो. परवा लोकअदालतीची नोटीस त्यांच्या नावे आली. आईला फार लागलं ते.
*— एक वाचक, हर्णै*

उत्तर : आईंना सांगा, नोटीस संगणकाने नोंदीतलं नाव उचलून पाठवलीय, वडिलांवर कसलाही ठपका नाही. चलानांच्या तारखा बघून ज्या भावाने गाडी नेली होती त्याने ती लोकअदालतीत भरून निकाली काढावीत, मृत्यूचा दाखला सोबत न्यावा. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर अर्ज करायचा असतो. तुमची मुदत केव्हाच गेली, उशिराचं शुल्क पडेल ते भरा. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती आणि आरसी घेऊन एकाच भावाच्या नावावर गाडी करा. विमाही त्याच वेळी त्याच्या नावे करून घ्या, नाहीतर अपघाताच्या दाव्यात अडचण येईल. आणि वडिलांचा मोबाइल नंबर बंद केला असेल तर परिवहनच्या पोर्टलवर नवा टाका, म्हणजे पुढचं चलान थेट ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या फोनवर येईल.