जीनीमध्ये सी प्रोग्रॅम रन होत नाही. विंडोजवर जीसीसी कसं जोडायचं?

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ वर जीनी टाकला, हेलो वर्ल्ड लिहिला, एफ९ दाबलं आणि खाली ‘फेल्ड टू एक्झिक्यूट चाइल्ड प्रोसेस’ असा मेसेज आला. जीनीमध्ये बिघाड काहीच नाही. तो नुसता एडिटर आहे. एफ९ दाबलं की तो जीसीसी नावाच्या कंपायलरला, म्हणजे सी कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, हाक मारतो आणि तुमच्या मशीनवर त्या नावाचं कुणी नाही, एवढाच त्या मेसेजचा अर्थ. म्हणून जीनी आत्ता बंद करा. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जीसीसी चालेपर्यंत एडिटरच्या सेटिंगला हात लावू नका.

कंपायलरसाठी एमसिस२ घ्या, विंडोजवर जीसीसीसारखी साधनं पुरवणारा हा संच आहे. इन्स्टॉलर विचारेल ते फोल्डर आहे तसंच ठेवा: सी:\एमसिस६४. प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका, कारण फोल्डरच्या पत्त्यात स्पेस चालत नाही. मराठी अक्षरांचं फोल्डरही नको. स्टार्ट मेनूत एमसिस२ ची बरीच टर्मिनल्स दिसतील, त्यातलं ‘यूसीआरटी६४’ नावाचं उघडा. बहुतेकांची चूक इथेच होते. नुसत्या ‘एमसिस’ टर्मिनलमधून पॅकमॅनला (एमसिस२ मध्ये पॅकेज टाकणारी कमांड) ‘जीसीसी’ एवढंच नाव दिलं, तर वेगळाच कंपायलर येतो आणि त्याने केलेली एक्झी (तयार प्रोग्रॅमची फाइल) एमसिसच्या डीएलएलशिवाय (सोबत लागणारी लायब्ररी फाइल) चालत नाही.

टर्मिनलमध्ये आधी पॅकमॅन, स्पेस, हायफन, कॅपिटल एस, स्मॉल वाय, स्मॉल यू. अपडेट झाल्यावर टर्मिनल बंद करायला सांगितलं तर करा, परत उघडा आणि तीच कमांड पुन्हा द्या. मग पॅकमॅन, हायफन कॅपिटल एस आणि पॅकेजचं नाव: मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी. सगळी अक्षरं स्मॉल. अंडरस्कोर एकच, ८६ आणि ६४ च्या मध्ये, बाकी सगळे हायफन. ही ओळ एमसिस२ च्या वेबसाइटच्या मुख्य पानावरच आहे, तिथून कॉपी करा. पेस्ट मात्र कंट्रोल-व्ही ने होणार नाही, शिफ्ट-इन्सर्ट दाबा.

आता पाथ, म्हणजे विंडोज ज्या फोल्डर्समध्ये प्रोग्रॅम शोधतं त्यांची यादी. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ शोधा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स उघडा, वरच्या यूझर भागातल्या पाथवर एडिट, मग न्यू, आणि लिहा सी:\एमसिस६४\यूसीआरटी६४\बिन. फोल्डरपर्यंतच लिहायचं, शेवटी जीसीसी.एक्झी जोडायचं नाही. उघडलेल्या सगळ्या खिडक्या ओके करत बाहेर या.

यानंतर नवीन कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधीपासून उघडा असलेला चालणार नाही, कारण प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होतानाच पाथ वाचून घेतो. जीनी बंद करायला सांगितला तोही याचसाठी. ‘जीसीसी --व्हर्जन’ टाका, दोन हायफन. व्हर्जन दिसलं की ‘व्हेअर जीसीसी’ टाकून बघा. पूर्वी कोडब्लॉक्स किंवा स्ट्रॉबेरी पर्लसारखं, सोबत जीसीसी आणणारं काही टाकलं असेल तर त्यांचंही जीसीसी यादीत येऊ शकतं, आणि जे सर्वांत वर तेच चालतं. सिस्टिम पाथ यूझर पाथच्या आधी वाचला जातो. जुनं जीसीसी तिथे असेल तर ते काढा किंवा आपली ओळ सिस्टिम पाथमध्ये सर्वांत वर न्या.

आता जीनी उघडा. फाइल आधी .सी नावाने सेव्ह करा, नाव दिल्याशिवाय जीनीला भाषाच कळत नाही. एफ८ म्हणजे कंपाइल, एफ९ म्हणजे बिल्ड, एफ५ म्हणजे रन. बिल्ड मेनूतल्या ‘सेट बिल्ड कमांड्स’मध्ये आधीच भरलेलं असेल: जीसीसी -वॉल -ओ "%ई" "%एफ". %एफ म्हणजे फाइलचं नाव, %ई म्हणजे एक्स्टेंशन काढलेलं नाव. भोवतीची अवतरणचिन्हं पुसू नका, ‘प्रॅक्टिकल १.सी’सारख्या नावातली स्पेस त्यांच्यामुळेच निभावते. -वॉलच्या पुढे -जी जोडा, पुढे डीबगर (प्रोग्रॅममधली चूक शोधायचं साधन) वापराल तेव्हा लागेल. सी++ साठी फाइल .सीपीपी हवी. ती .सी नावाने ठेवली तर जीनी सी++ चा कोड सी म्हणून कंपाइल करायला जातो.

यापुढे अडलात तर बहुधा या ठिकाणी अडाल. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर मागचा रन अजून चालू आहे, ती काळी खिडकी बंद करा. चालू असलेली एक्झी लिंकरला (बिल्डच्या शेवटी एक्झी बनवणारा भाग) पुसून लिहिता येत नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन’ आलं तर मेन फंक्शन नाही किंवा त्याचं स्पेलिंग चुकलंय. याच मेसेजमध्ये विनमेनच्या जागी आपल्याच एखाद्या फंक्शनचं नाव आलं आणि ते दुसऱ्या फाइलमध्ये असेल, तर कारण हे की एफ९ फक्त समोरची फाइल कंपाइल करतं. तेव्हा प्रोजेक्ट बनवा आणि त्याच्या बिल्ड कमांडमध्ये दुसऱ्या फाइलचं नावही द्या. एक्झी मित्राच्या मशीनवर डीएलएल मागत असेल तर बिल्ड कमांडमध्ये -स्टॅटिक घाला.

कॉलेजात टर्बो सी वर प्रॅक्टिकल होत असतील तर तिथला कोड इथे जसाच्या तसा चालणार नाही. स्क्रीन पुसणारं सीएलआरएससीआर काढा, ते जीसीसीत नाही. जीसीसीच्या व्हर्जन १४ पासून अशा अनोळखी फंक्शनवर वॉर्निंग नाही, थेट एरर येते. कोनिओ.एच मधलं गेटसीएच चालतं, पण शेवटी खिडकी थांबवायला त्याची गरज नाही, एफ५ ने रन केल्यावर जीनी स्वतःच थांबतो. आयोस्ट्रीम.एच ऐवजी नुसतं आयोस्ट्रीम. व्हॉइड मेन ऐवजी इंट मेन. ग्राफिक्स.एच विसरा. आणि इंट तिकडे २ बाइटचा, इथे ४ बाइटचा. ३२७६७ मध्ये १ मिळवून उणे उत्तर दाखवणारं प्रॅक्टिकल इथे सरळ ३२७६८ दाखवेल. ते बरोबरच आहे. जर्नलमध्ये लिहिताना कंपायलरचं नावही लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला आकडा चुकीचा वाटणार नाही.