पायताणाचं मीम

प्रश्न : ताई, चप्पल लाईनला आमचं जुनं दुकान आहे. कॉलेजात जाणारा पोरगा दुकानाच्या व्हॉट्सॲपवरनं गिऱ्हाइकांना रोज मीम टाकतो. म्हणतो, जाहिरातीपेक्षा हेच चालतं. मला पोरखेळ वाटतो. बंद करायला लावू का?
– एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : दादा, बंद नका करू. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी पायताणं मिरवली आणि कोल्हापूरचं नाव गाळलं. तेव्हा निवेदनं गेली, बातम्या आल्या, सगळं खरं. पण पोरांनी मीमचा जो धुरळा उडवला, त्यानं विषय घराघरात नेला. माझ्या फोनवर आलेल्या एकात मॉडेलचे नुसते पाय होते आणि खाली लिहिलेलं : ‘करकर वाजतंय का बघा, मगच पैसे द्या.’ कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, कधी पायात न घातलेली माझी पुण्याची भाची विचारायला लागली, मावशी, चप्पल वाजते कशी? आपल्या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन 2019 लाच मिळालंय, पण तोवर तिच्या कानावर ते कुठलं यायला! पुढं प्राडानंही प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं.

आता पोराला दोन गोष्टी सांगा. प्रेयसी शेजारी असताना दुसरीकडं वळून बघणारा मीममधला तो पोरगा सगळ्यांनी पाहिलाय. तो फोटो अँटोनियो गिलेम या स्पॅनिश छायाचित्रकाराचा, विकत मिळणारा. मित्रांच्या गप्पांत चालून जातं, पण दुकानाच्या जाहिरातीत परवाना लागतो. त्यापेक्षा स्वतःच काढावा की! भर जुलैत नवी कोरी कोल्हापुरी घालून चिखलातनं निघालेला पाव्हणा, एवढं पुरे. (पुरावर मात्र विनोद नको. 2019 इथं कुणी विसरलेलं नाही.) कारागिराचा फोटो घ्यायचा तर त्याला विचारून, आणि हसू त्याच्यावर नको.

दुसरं, मीम लवकर शिळं होतं. 2022 मध्ये तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटलांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ टी-शर्टावरसुद्धा चढलं. आज तेच पाठवलंत तर गिऱ्हाईक म्हणेल, दुकानात मालही तेव्हाचाच असणार.

आणि रोज कशाला? आठवड्यातनं एखादं बास. कंटाळून लोकांनी नंबर ब्लॉक केला, तर दिवाळीला नवा माल आलाय हे सांगणार कुणाला?